न्यूट आणि सॅलॅमँडर पाळण्यापूर्वी: ओळख, थंडावा, पाणी आणि खाणे

सॅलॅमँडर आणि न्यूट हे बेडकांच्या नात्यातले, परंतु शेपूट आयुष्यभर राखणारे उभयचर प्राणी आहेत. जगात त्यांच्या आठशेहून अधिक जाती असून बहुतेक जाती उत्तर गोलार्धातील थंड व ओलसर प्रदेशांत राहतात. भारतात ते केवळ पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगराळ भागात आढळतात. महाराष्ट्रात किंवा गोव्यात त्यांची एकही जात नाही. असे असूनही मूळचा मेक्सिकोचा अ‍ॅक्सोलॉटल आता आपल्याकडच्या शोभेच्या माशांच्या दुकानांत दिसू लागला आहे. 2021 मध्ये माइनक्राफ्ट या खेळात त्याचा समावेश झाल्यापासून मुलेही त्यासाठी हट्ट धरू लागली आहेत. अमेरिका, युरोप किंवा जपानमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर न्यूट आणि सॅलॅमँडरच्या कितीतरी जाती सहज मिळतात. हे प्राणी दगावतात ते प्रामुख्याने दोन कारणांनी: पाणी गरम होते, किंवा पाणी तयार होण्याआधीच प्राणी घरी आणला जातो. दोन्ही गोष्टी खरेदीपूर्वीच टाळता येण्याजोग्या असल्याने या लेखात प्राण्याहून अधिक जागा त्याच्या टाकीला दिली आहे.

पहिली पायरी: समोर नेमका कोणता प्राणी आहे?

आपल्या परसात दगडाखाली चमकदार, गुळगुळीत अंगाची सापसुरळी दिसली की कोणीतरी तिला सॅलॅमँडर ठरवते. सापसुरळी ही सरड्यांपैकी आहे. तिच्या अंगावर खवले असतात, बोटांना नख्या असतात आणि डोळ्यांच्या मागे कानाचे छिद्र दिसते. सॅलॅमँडरला यांपैकी काहीच नसते. त्याची त्वचा उघडी आणि ओलसर असते, बोटे मऊ असतात, आणि बहुतेक जातींत पुढच्या पायाला चार व मागच्या पायाला पाच बोटे असतात. कोकणात व सह्याद्रीत पावसाळ्यात सापडणारे देवगांडूळ उभयचर असले तरी त्याला पायच नसतात, त्यामुळे तेथे गोंधळ होण्याचे कारण नाही.

न्यूट हा सॅलॅमँडरच्याच एका कुळातील गट आहे. न्यूटची त्वचा सहसा थोडी खरखरीत असते, आणि अनेक जाती वर्षाचा काही काळ पाण्यात तर काही काळ जमिनीवर काढतात. परदेशातील दुकानांत सर्वाधिक दिसणारा न्यूट म्हणजे चीनचा लाल पोटाचा न्यूट, सायनॉप्स ओरिएंटॅलिस. तो जेमतेम सहा ते दहा सेंटिमीटर लांब असतो, पाठ काळसर व बरीचशी गुळगुळीत, आणि पोट नारिंगी-लाल, त्यावर काळे ठिपके. त्याचा जपानी भाऊबंद सायनॉप्स पिऱ्होगॅस्टर अधिक मोठा व खरखरीत असतो आणि डोळ्यांमागच्या विषग्रंथी ठळकपणे फुगलेल्या दिसतात. या दोघांच्या टाकीत कधीकधी पॅरामेसोट्रायटन या गटातील न्यूट त्याच नावाने विकला जातो. पाठीवर चामखिळींसारखे उंचवटे, कण्यावरून जाणारी ठसठशीत कड आणि पंधरा सेंटिमीटरच्या आसपासची लांबी ही त्याची लक्षणे होत. तो भांडखोर असतो आणि लहान सोबत्यांचे पाय चावतो, म्हणून ही ओळख खरेदीच्या वेळीच पटवावी.

अ‍ॅक्सोलॉटल ओळखणे सोपे आहे, कारण तो मोठा झाला तरी त्याचे बालरूप जात नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारख्या दिसणाऱ्या कल्ल्यांच्या तीन-तीन शाखा, शेपटीवर उभा पडदा, रुंद डोके आणि पापण्या नसलेले डोळे ही लक्षणे प्रौढपणीही कायम राहतात. फिकट गुलाबी रंगाचा व काळ्या डोळ्यांचा प्राणी दुकानांत जास्त दिसतो. सोनेरी, पूर्ण काळे आणि मूळच्या रानटी, गडद ठिपकेदार रंगाचे प्राणीही मिळतात. गडद रंगाचा प्राणी घेताना मात्र सावध राहावे. अमेरिकेत मासेमारीच्या आमिषासाठी विकली जाणारी टायगर सॅलॅमँडरची पिल्ले हुबेहूब अशीच दिसतात, आणि काही महिन्यांत कल्ले गळून ती जमिनीवर येतात. त्या पिल्लांची बोटे चपटी व टोकदार असतात, तर अ‍ॅक्सोलॉटलची बारीक असतात.

यांच्या त्वचेतील विषाची जाण ठेवणेही ओळखीचाच भाग आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील टॅरिका न्यूटच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन असते. 1979 मध्ये ओरेगॉनमध्ये असा न्यूट गिळलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला होता. सायनॉप्समध्येही हेच विष असते. नुसत्या स्पर्शाने धोका होत नाही, परंतु हात लावल्यानंतर ते साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना किंवा तोंडाला लावू नयेत, आणि लहान मुलांच्या हाती हा प्राणी कधीही देऊ नये.

दुसरी पायरी: कायदा

दार्जिलिंगच्या डोंगरांत राहणाऱ्या हिमालयीन सॅलॅमँडरला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तो पकडणे, विकत घेणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. अ‍ॅक्सोलॉटल परदेशी असला तरी साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि अशा जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंद करावी अशी तरतूद 2022 च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात आली. 2024 मध्ये त्यासाठीचे नियम निघाले असून नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर करावयाची आहे. विक्रेत्याकडून पावती व कागदपत्रे घ्यावीत, आणि खरेदीपूर्वीच वन विभागाच्या कार्यालयात सध्याची पद्धत विचारून घ्यावी. ‘कोणी विचारत नाही’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडून प्राणी घेऊ नये.

परदेशी राहणाऱ्यांनी आपापल्या ठिकाणचे नियम पाहावेत, कारण ते फार वेगवेगळे आहेत. कॅलिफोर्नियात अ‍ॅक्सोलॉटल बाळगणे बेकायदा आहे. ब्रिटनमध्ये तळ्यात सापडणाऱ्या तुरेवाल्या न्यूटला हात लावण्यासही परवाना लागतो. अमेरिकेने जानेवारी 2016 मध्ये सॅलॅमँडरच्या वीस प्रजातींच्या (म्हणजे जातींच्या वीस गटांच्या) आयातीवर बंदी घातली, तिचे कारण एक बुरशी आहे. तिच्याकडे पुढे वळू.

तिसरी पायरी: थंडावा जमणार आहे का?

हा प्रश्न टाकीच्या किमतीआधी विचारावा. अ‍ॅक्सोलॉटलला 16 ते 18 अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. 20 अंशांपर्यंत तो ठीक राहतो, आणि 24 अंशांच्या पुढे फार काळ राहिला तर त्याचे खाणे सुटते, अंगावर बुरशी चढते आणि तो दगावू शकतो. लाल पोटाच्या न्यूटचीही मर्यादा साधारण तीच आहे. युरोपातील काळ्या-पिवळ्या फायर सॅलॅमँडरला तर 20 अंशांच्या आतच ठेवावे लागते. स्पेनचा प्ल्युरोडेलिस वॉल्टल हा न्यूट 22 ते 24 अंशांपर्यंत निभावून नेतो, त्यामुळे समशीतोष्ण देशांत राहणाऱ्या नवख्यांना मी आधी त्याचेच नाव सुचवेन. गरम पाण्यात दोन संकटे एकदम येतात. प्राण्याची ऑक्सिजनची गरज वाढते आणि त्याच वेळी पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातील टाकीचे पाणी 30 अंशांवर सहज जाते. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने ते दोन ते चार अंश उतरते, पण हा उपाय कोरड्या हवेवर अवलंबून आहे. नाशिक-पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचा उपयोग होतो, तर मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत फारसा होत नाही. म्हणून आपल्या हवेत अ‍ॅक्सोलॉटल पाळायचा तर मत्स्यालयाचा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घ्यावाच लागतो, आणि त्याची किंमत बहुधा टाकी, फिल्टर व प्राणी यांच्या एकत्रित किमतीहून जास्त होते. ती झेपणार नसेल तर हा प्राणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बर्फाच्या बाटल्या रोज टाकून चालवू असे अनेकजण म्हणतात, परंतु त्यामुळे दिवसभरात तापमान सतत वर-खाली होते आणि तो ताण प्राण्याला सोसत नाही. गोठवलेल्या पाण्याच्या दोन बंद बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवाव्यात त्या वीज गेल्यावरच्या अडचणीसाठी. घरातील इन्व्हर्टरवर चिलर चालतो की नाही हे आधी तपासून घ्यावे. निदान एअर पंप तरी त्यावर चालला पाहिजे.

चौथी पायरी: टाकी मांडणे

एका प्रौढ अ‍ॅक्सोलॉटलसाठी 75 लिटर ही किमान मर्यादा सांगितली जाते. तो 23 ते 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तळावरच चालतो, त्यामुळे उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच ही सहज मिळणारी टाकी त्याला उत्तम. ती भरली की केवळ पाण्याचेच वजन दीडशे किलोच्या पुढे जाते, तेव्हा तिच्याखाली खास तिच्यासाठीचा स्टँड हवा. लाल पोटाच्या दोन-तीन न्यूटना 40 ते 60 लिटर पुरतात, मात्र त्यांना पाण्याबाहेर येऊन बसण्यास कोरडा दगड किंवा तरंगते लाकूड लागते.

तळाला रंगीत खडी घालू नये. अ‍ॅक्सोलॉटल तोंड एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. त्याबरोबर खडाही जातो आणि आतड्यात अडकतो. अगदी बारीक रेती घालावी किंवा तळ मोकळा ठेवावा. लपण्यासाठी मातीची कुंडी आडवी ठेवावी किंवा जुने मंगलोरी कौल स्वच्छ घासून तिरके टेकवावे. कडा धारदार नसाव्यात, कारण कल्ले अत्यंत नाजूक असतात. दिवा मंद ठेवावा. फिल्टरचा प्रवाहही मंद हवा; स्पंज फिल्टर याच कारणासाठी चांगला.

झाकण घट्ट बसले पाहिजे. न्यूट ओल्या पोटाच्या आधाराने उभ्या काचेवर चढतो आणि वायरीसाठी ठेवलेल्या फटीतूनही निसटतो.

सोबतीला मासे ठेवू नयेत. मासे कल्ले कुरतडतात, आणि अ‍ॅक्सोलॉटल त्यांना गिळतो. निरनिराळ्या जातींचे न्यूटही एकत्र नकोत, कारण एकाचे विष किंवा रोग दुसऱ्याला बाधतो.

पाचवी पायरी: पाणी तयार करणे

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे आणि तीच बहुतेकजण गाळतात. प्राण्याच्या विष्ठेतून व उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट अल्प प्रमाणातही घातक असतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि पाणी बदलून कमी करता येते. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात, म्हणून ते प्राणी येण्याआधी वाढवावे लागतात.

नळाचे पाणी भरून त्यात दुकानात मिळणारे अँटिक्लोरिन (क्लोरीन घालवणारे द्रावण) बाटलीवरील प्रमाणात घालावे, फिल्टर चालू करावा आणि सुगंध किंवा साबण नसलेला अमोनिया दर लिटरला सुमारे दोन मिलिग्रॅम होईल इतका घालावा. तो न मिळाल्यास माशांच्या खाण्याची चिमूट रोज टाकून कुजू द्यावी; काम होते, पण वेळ अधिक लागतो. त्यानंतर थेंबांचे टेस्ट किट घेऊन दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासावे. अमोनियाच्या चाचणीत छोट्या नळीतले पाणी पहिल्या आठवड्यात हिरवे होत जाते. मग हळूहळू त्याचा हिरवेपणा ओसरून ते पिवळे राहू लागते, आणि त्याच सुमारास नायट्राइटच्या नळीतला रंग गडद होतो. अमोनिया घातल्यापासून चोवीस तासांत दोन्ही शून्यावर येऊ लागले आणि नायट्रेट वाढलेले दिसले की टाकी तयार झाली. यास साधारण चार ते आठ आठवडे लागतात. या काळात चिलर बंद ठेवावा, कारण हे जिवाणू कोमट पाण्यात झपाट्याने वाढतात. टाकी तयार झाल्यावर निम्म्याहून अधिक पाणी बदलून मगच ते थंड करावे. ओळखीच्या कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधील स्पंजचा तुकडा आपल्या फिल्टरमध्ये ठेवल्यास बराच वेळ वाचतो.

सामू (pH) 6.5 ते 8 यांच्या दरम्यान चालतो, आणि अ‍ॅक्सोलॉटलला थोडे जड, म्हणजे क्षारयुक्त, पाणी मानवते. त्यामुळे बोअरवेलच्या जड पाण्याची धास्ती घेऊ नये.

सहावी पायरी: प्राणी निवडणे

किमान सात-आठ सेंटिमीटरचा, बंदिवासात जन्मलेला प्राणी घ्यावा. त्याहून लहान पिल्लांना जिवंत खाणे रोज लागते आणि ती नवख्याच्या हातून सहसा टिकत नाहीत. पोटाची रुंदी डोक्याइतकी असावी. कल्ले पिसारलेले असावेत, त्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके नसावेत. आपल्यासमोर त्याला खाऊ घालण्यास सांगावे, आणि तो खात नसेल तर घेऊ नये. एखादे बोट किंवा पायाचा तुकडा नसणे हे मात्र फार गंभीर नाही. एकत्र ठेवलेली पिल्ले एकमेकांचे पाय चावतात, आणि अ‍ॅक्सोलॉटलला गेलेला पाय हाडांसकट पुन्हा फुटतो. लाल पोटाचे न्यूट अनेकदा रानातून पकडून आणलेले असतात, त्यामुळे तेथे ‘कोठे जन्मला’ हा प्रश्न आग्रहाने विचारावा.

सातवी पायरी: खाणे

गांडूळ हे सर्वोत्तम अन्न आहे. प्रौढ अ‍ॅक्सोलॉटलला आठवड्यातून दोन-तीन वेळा, पिल्लांना रोज द्यावे. येथे आपल्याकडची एक अडचण लक्षात घ्यावी. गांडूळखताच्या खड्ड्यांत सहसा असणारी लाल गांडुळे त्रास झाल्यावर कडवट, पिवळसर द्रव सोडतात, आणि अनेक अ‍ॅक्सोलॉटल ती तोंडात घेऊन लगेच थुंकतात. बागेतील मोठी मातकट गांडुळे त्यांना आवडतात, पण रासायनिक खत किंवा फवारणी झालेल्या जमिनीतून ती आणू नयेत. दोन दिवस ओल्या कागदात ठेवून त्यांच्या पोटातील माती निघू द्यावी, स्वच्छ धुवावीत आणि प्राण्याच्या डोक्याच्या रुंदीहून लांब तुकडा देऊ नये. बोथट चिमट्याने तुकडा तोंडासमोर हळू हलवावा. अ‍ॅक्सोलॉटलची नजर अधू असते. तो हालचालीने आणि वासाने भक्ष्य ओळखतो, आणि मग एका झटक्यात ते आत ओढतो.

बुडणाऱ्या गोळ्या व गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातील लाल अळ्या) पूरक म्हणून चालतात, आणि लहान न्यूटसाठी ब्लडवर्म व डॅफ्निया (पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीव) सोयीचे. दुकानांत मिळणारे जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल कृमी) देऊ नयेत. ते गटारांच्या गाळातून येतात आणि रोग आणतात. मटण, चिकन किंवा मसाला-मीठ लावलेले काहीही देऊ नये. उरलेले खाणे तासाभरात काढून टाकावे.

न्यूट कात टाकून ती स्वतःच खातो. तोंडापासून सुटलेली पातळ पारदर्शक कात तो पायांतून मोज्यासारखी ओढून काढतो व गिळतो. हे पाहून घाबरू नये.

आठवी पायरी: निगा आणि आजार

आठवड्यातून एकदा वीस ते तीस टक्के पाणी बदलावे. नवे पाणी अँटिक्लोरिन घालून व टाकीइतके थंड करूनच ओतावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये, कारण क्लोरीनने त्यातील जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. काढलेल्या जुन्या पाण्यातच तो पिळावा. नायट्रेट दर लिटरला वीस मिलिग्रॅमच्या आसपास राहील असे पाहावे.

कल्ले सतत पुढे वळलेले असणे, शेपटीचे टोक मुडपलेले असणे आणि खाणे नाकारणे ही ताणाची लक्षणे आहेत. ती दिसताच औषध शोधण्याआधी तापमान व अमोनिया तपासावा. दोष बहुधा तेथेच सापडतो. कल्ल्यांवर बुरशी आल्यास आयोडीन नसलेल्या मिठाचे स्नान देतात. लिटरभर थंड, क्लोरीनविरहित पाण्यात दोन ते तीन छोटे (चहाचे) चमचे मीठ विरघळवून प्राण्याला त्यात दहा मिनिटे ठेवावे, पंधरा मिनिटांहून अधिक मुळीच नाही. आपल्याकडे पाकिटबंद मीठ बहुतेक आयोडीनयुक्त असते, म्हणून पाकीट वाचून घ्यावे. माशांसाठीची तांबेयुक्त औषधे उभयचरांना विषारी आहेत. जखम चिघळली, पोट फुगले किंवा दोन दिवसांत फरक पडला नाही तर उभयचर प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याकडे जावे. असा पशुवैद्य आपल्या शहरात आहे का, हे प्राणी आणण्याआधीच शोधून ठेवावे.

जमिनीवर राहणाऱ्यांसाठी

टायगर सॅलॅमँडर व फायर सॅलॅमँडर यांना पाण्याची टाकी नको. दहा ते पंधरा सेंटिमीटर जाडीचा ओलसर माती व नारळाच्या भुशाचा थर, झाडाची साल आणि उथळ पाण्याची थाळी एवढे पुरते. प्रौढ फायर सॅलॅमँडर खोल पाण्यात बुडून मरतो. माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतकाच ओलावा ठेवावा. हे प्राणी दिवसभर मातीत दडून असतात आणि रात्री बाहेर येतात. नीट सांभाळले तर ते दहा-पंधरा वर्षे, फायर सॅलॅमँडर वीस वर्षांहूनही अधिक जगतो.

अंडी, बुरशी आणि बाहेर न सोडण्याविषयी

न्यूटची मादी एकेक अंडे पाणवनस्पतीच्या पानावर घालते आणि मागच्या पायांनी पान दुमडून ते झाकते. अ‍ॅक्सोलॉटलची मादी मात्र एका वेळी शेकडो अंडी घालते. इतक्या पिल्लांना जागा आणि खाणे पुरवणे कोणाही नवख्याला शक्य नाही, म्हणून नर-मादी एकत्र ठेवू नयेत. नराच्या शेपटीच्या मुळाशी खालून ठळक फुगवटा दिसतो. प्राणी साधारण वर्षाचा होईपर्यंत तो कळत नाही.

नेदरलँड्समधील फायर सॅलॅमँडर 2010 च्या सुमारास झपाट्याने नाहीसे होऊ लागले. 2013 मध्ये त्याचे कारण म्हणून बॅट्रॅकोकायट्रियम सॅलॅमँड्रिव्होरन्स या बुरशीची ओळख पटली. ती मूळची आशियातील असून पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात पोहोचली असे मानले जाते. हिचीच बहीण असलेली, बेडकांना ग्रासणारी बुरशी पश्चिम घाटातील बेडकांतही नोंदवली गेली आहे. जगात दुसरीकडे कोठेही नसलेले बेडूक आपल्या सह्याद्रीत आहेत. आपल्या टाकीतील पाणी, रेती किंवा प्राणी ओढ्यात, विहिरीत किंवा तलावात जाता कामा नये, याबाबत कोणतीही सवलत नाही. काढलेले पाणी सांडपाण्याच्या वाहिनीतच सोडावे, आणि आजारी प्राण्याच्या टाकीतले असल्यास आधी ब्लीच घालून ठेवावे. नवा प्राणी किमान महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावा व त्याची जाळी, चिमटा, बादली वेगळी असावी. सांभाळणे जमेनासे झाले तर प्राणी दुसऱ्या जाणकाराकडे नियमानुसार नोंद करून द्यावा.

गावाला जाताना

प्रौढ, निरोगी अ‍ॅक्सोलॉटल आठवडाभर न खाता सहज राहतो. त्यामुळे शेजाऱ्यांना खाणे घालण्यास सांगू नये. हौसेने टाकलेले जास्तीचे खाणे कुजून पाणी बिघडवते. निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदलून घ्यावे आणि शेजाऱ्यांना एवढेच सांगावे की दिवसातून एकदा थर्मामीटर पाहावा, तो 20 अंशांच्या पुढे गेला असेल तर चिलर चालू आहे का ते तपासावे आणि नसल्यास फ्रीजरमधील एक बाटली टाकीत ठेवून आपल्याला फोन करावा.